घर ते कचेरी : पगारपत्रकात न दिसणारे तास

नवी नोकरी स्वीकारताना पगार किती, रजा किती, भविष्य निर्वाह निधी आणि आरोग्य विमा आहे की नाही, याची चौकशी प्रत्येकजण करतो. काही महिन्यांनी तीच नोकरी सोडावीशी वाटू लागते तेव्हा कारण अनेकदा वेगळेच असते. काम आवडते, वरिष्ठही बरे असतात. पण रोजचे जाणे-येणे नको होते. घरापासून कचेरीपर्यंत एका वेळी दीड तास लागत असेल, तर दिवसाचे तीन आणि महिन्याच्या बावीस कामाच्या दिवसांचे ६६ तास होतात. आठ तासांच्या हिशेबाने हे आठ दिवसांहून अधिक काम झाले. त्याची नोंद ना हजेरीपटावर असते, ना पगारपत्रकात.

कर्मचाऱ्यांचे मन कामात रमावे म्हणून कंपन्या स्नेहसंमेलने, सहली, बक्षिसे यांवर बराच खर्च करतात. परंतु कर्मचारी सकाळी कोणत्या अवस्थेत कचेरीत पोहोचतो, याकडे फारसे कोणी पाहत नाही. प्रवास ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतच तपासून पाहण्याची गरज आहे.

पगार वाढला तरी...

अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या सुमारे ९०० नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसातील प्रत्येक कामाच्या वेळी मन कसे होते, हे नोंदवायला सांगितले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कामावर जाण्या-येण्याचा वेळ आनंदाच्या यादीत तळाला होता.

लांबचा प्रवास पत्करणारा माणूस त्या बदल्यात जास्त पगार किंवा स्वस्त घर मिळवतो, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटतो, असे अर्थशास्त्र सांगते. ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या स्विस अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतील आकडेवारीवर हे ताडून पाहिले. हिशेब बरोबरीत सुटत नव्हता. ज्यांचा प्रवास लांबचा, त्यांचे जीवनातील समाधान कमी होते. याचे कारण आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. मोठ्या घराची आणि वाढीव पगाराची माणसाला सवय होते. रोजची गर्दी आणि खोळंबा मात्र अंगवळणी पडत नाही.

सवलत कोणती द्यावी?

आपल्याकडे प्रवासाची सोय म्हणजे भत्ता, असे समीकरण रूढ आहे. प्राप्तिकरात वाहतूक भत्त्याला पूर्वी दरमहा ८०० रुपयांपर्यंत आणि २०१५ पासून १६०० रुपयांपर्यंत सूट होती. २०१८-१९ पासून, अपंग कर्मचाऱ्यांचा अपवाद वगळता, ती रद्द झाली आणि सर्वांना सरसकट प्रमाणित वजावट मिळू लागली. कचेरीशेजारी राहणारा आणि कर्जतहून येणारा करापुरते एकाच रांगेत आले.

जपानमध्ये कायद्याची सक्ती नसतानाही बहुतेक कंपन्या प्रवासभत्ता देतात, तर फ्रान्समध्ये सार्वजनिक वाहतुकीच्या पासचा निम्मा खर्च उचलणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. मुंबईत मात्र प्रश्न पैशांपुरता नाही. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा पास स्वस्तच आहे. महाग पडते ती गर्दी. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर खच्चून भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि काहींना प्राण गमवावे लागले. अशा ठिकाणी दोनशे रुपयांच्या वाढीव भत्त्यापेक्षा गर्दी टाळून येण्याची मुभा अधिक मोलाची ठरते. तिला पैसेही लागत नाहीत.

कचेऱ्यांच्या वेळा मागे-पुढे कराव्यात, ही सूचना मुंबईत जुनी आहे. २०२३ मध्ये मध्य रेल्वेने विविध आस्थापनांना तसे आवाहन केले आणि स्वतःच्या मुंबईतील कार्यालयापासून सुरुवात केली. राज्य शासनाने २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हाही कामाचे तास वाढले, पण आठवड्यातील एक फेरी वाचली.

पुण्याच्या परिसरातील गरज वेगळी आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांनी कामगारांसाठी बसगाड्या चालवण्याची पद्धत जुनी आहे. ठरलेल्या थांब्यावर ठरलेल्या वेळी येणारी कंपनीची बस हाच तिथे खरा लाभ असतो. कारण पर्याय असतो तो दुचाकीचा, पेट्रोलचा आणि वाहतूक कोंडीचा.

घरून कामाचा धडा

ज्यांचे काम संगणकावर होते, त्यांच्यासाठी फेऱ्याच कमी करता येतात. चीनमधील ‘ट्रिप डॉट कॉम’ या प्रवास कंपनीत १६०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा दिली गेली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि कामाच्या दर्जावर वाईट परिणाम दिसला नाही. ही घट प्रामुख्याने स्त्रिया, व्यवस्थापक नसलेले कर्मचारी आणि लांबून येणारे यांच्यात होती. याच कंपनीतील आधीच्या प्रयोगात आठवड्यातून चार दिवस घरून काम करणाऱ्या अनेकांना एकाकीपणा जाणवला आणि ते कचेरीत परतले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मध्यम मार्ग त्यातूनच निघाला.

ज्यांना घरून काम शक्य नाही

परिचारिका, पहारेकरी, यंत्रावर काम करणारे कामगार यांना ही मुभा नाही. त्यांच्यासाठी कायद्याचे संरक्षण महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना त्यांच्या संमतीने कामावर ठेवता येते. मात्र त्यांना घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था करावी लागते.

प्रवासातील अपघाताचे काय, याचे उत्तर मराठवाड्यातील एका प्रकरणाने दिले. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. कुटुंबाला मंजूर झालेली भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली, कारण अपघात कामाच्या जागी झाला नव्हता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मंजूर केली. अपघाताची वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध सिद्ध होत असेल, तर कामावर जाता-येतानाचा अपघातही नोकरीतूनच उद्भवला असे मानावे, असा हा निकाल आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच तत्त्व आहे. त्या कुटुंबाला मात्र यासाठी बावीस वर्षे वाट पाहावी लागली.

घर ते कचेरी हा रस्ता नोकरीचाच भाग आहे, हे कायद्याने आता मान्य केले आहे. मनुष्यबळ विभागांनीही ते मान्य करावे. आपले कर्मचारी कोठून येतात, किती वाजता निघतात आणि किती वाजता घरी पोहोचतात, एवढी साधी माहिती गोळा केली, तरी कोणाला बस हवी, कोणाला उशिराची वेळ हवी आणि कोणाला आठवड्यातून दोन दिवस घरून काम हवे, हे स्पष्ट होईल. माणसे टिकवण्याचे काम तेथून सुरू करता येईल.