दिवाळी ते लाभपंचमी : नाशिकच्या डोंगरांतील जुन्या ठेवी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या वह्यांवर स्वस्तिक उमटले की व्यापारी घरांना वर्षातील एक दुर्मीळ मोकळीक मिळते. पेढीचे दार लाभपंचमीच्या मुहूर्तावर उघडायचे असते. मुलांच्या शाळा बंद असतात, माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात आणि आश्विनातला उकाडाही ओसरलेला असतो. शरद ऋतूतील हे तीन-चार दिवस बहुतेक कुटुंबे थंड हवेच्या ठिकाणच्या गर्दीत घालवतात. नाशिक आणि त्याच्या आसपासचा परिसर मात्र या दिवसांसाठी अधिक योग्य आहे, आणि व्यापाऱ्याच्या घराला तर तो विशेष जवळचा वाटावा असा आहे.

आरंभ पांडवलेण्यांपासून करावा. मुंबई-आग्रा मार्गावर, शहराच्या दक्षिणेस सुमारे ८ किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगरात ही २४ लेणी आहेत. पांडवांशी त्यांचा संबंध केवळ नावापुरता. ही बौद्ध भिक्षूंची वस्ती. येणारी मंडळी अठराव्या क्रमांकाचे चैत्यगृह पाहतात, छायाचित्रे काढतात आणि खाली उतरतात. दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यातील भिंतीसमोर फारसे कोणी थांबत नाही. वास्तविक हिशेब जाणणाऱ्याने सर्वांत अधिक वेळ तेथेच द्यावा.

सुमारे १९०० वर्षांपूर्वी क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणे दान दिले आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची ‘अखयनिवि’, म्हणजे अक्षय ठेव ठेवली. ही रक्कम त्याने भिक्षूंच्या हाती दिली नाही. गोवर्धन गावातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती गुंतवली. हे गोवर्धन आजही गंगापूरच्या बाजूस नांदते आहे. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, व्याज दरमहा शेकडा एक. दुसरीकडे १०००, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचे नाही, केवळ वाढीचा उपभोग घ्यायचा, अशी स्पष्ट अट शिलालेखात आहे. व्याजासाठी तेथे ‘वढि’ हा शब्द आहे आणि पाऊण या अर्थी ‘पायून’. आजोबांच्या काळच्या रोजमेळात ‘वाढीदिढी’ वाचलेल्या माणसाला हे शब्द परके वाटणार नाहीत.

आता आकडेमोड पाहावी. वर्षावासात म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामात येथे राहिलेल्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे, असे लेख सांगतो. वीस गुणिले बारा म्हणजे २४०. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक दराने वर्षाचे व्याज नेमके २४० होते. एका कार्षापणाचीही तफावत नाही. सोबत आलेल्या नातवंडांना हे गणित भिंतीसमोर उभे करून सोडवायला सांगावे. शाळेतील सरळव्याज त्यांना इतके जिवंत क्वचितच भेटले असेल.

एकच ठेव दोन श्रेणींत आणि दोन दरांनी का विभागली, याचे कारण लेख देत नाही. परंतु सारी रक्कम एका हाती न ठेवण्याचा आणि अधिक भरवशाच्या ऋणकोकडून कमी व्याज पत्करण्याचा व्यवहार पेढीवर बसणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. हे दान निगमसभेत जाहीर केले गेले व रीतीप्रमाणे फलकावर नोंदले गेले, असाही उल्लेख आहे. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या राजवटीत विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी अशाच ठेवी ठेवल्या; पाण्याची यंत्रे करणारे कारागीर आणि तेली यांच्या श्रेणींचा त्यात समावेश आहे. आजच्या धर्मादाय विश्वस्त संस्थांचा कायम निधी याच तत्त्वावर चालतो.

राजवट बदलली तेव्हा पैशाचे काय झाले, याचे उत्तर सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभी येथे सापडले. १९०६ मध्ये तेथे नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. चांदी वितळवण्याचा खर्च वाचला आणि जुने चलन नव्या राजाच्या नावाने बाजारात चालू राहिले.

शेजारच्या अकराव्या लेण्यात ऋषभदेव आणि अंबिका यांच्या मूर्ती आहेत. बौद्ध लेण्यात नंतरच्या काळी कोरलेल्या या लहानशा मूर्ती सहज नजरेतून सुटतात. त्या आवर्जून पाहाव्यात.

शहराच्या उत्तरेस म्हसरूळजवळ गजपंथ हे सिद्धक्षेत्र आहे. सात बलभद्र आणि आठ कोटी मुनी येथून मोक्षास गेले, अशी दिगंबर परंपरेची श्रद्धा आहे. चारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून वृद्धांना घेऊन सकाळच्या थंडाव्यातच जावे.

त्र्यंबक मार्गावर, नाशिकपासून सुमारे २० किलोमीटरवरील अंजनेरी ही या सहलीची खरी मिळकत. लोक किल्ल्याची वाट धरतात. पायथ्याच्या गावालगत यादवकालीन मंदिरांचा भग्न समूह आहे आणि त्यांतील अनेक मंदिरे जैन आहेत. पडलेली शिखरे, कोरीव द्वारशाखा, भोवती वाढलेले गवत. त्यांतील एका मंदिरात शके १०६३, म्हणजे इ. स. ११४१-४२ चा संस्कृत शिलालेख आहे. यादव राजा सेउणदेव याने चंद्रप्रभ स्वामींच्या मंदिराला दुकाने दान दिली, आणि वत्सराज नावाच्या साहूने आणखी एक दुकान व एक घर अर्पण केले, असे त्यात नोंदले आहे. राजाच्या दानाखाली व्यापाऱ्याच्या दानाची नोंद, तीही त्याच दगडावर. दुकानाच्या उत्पन्नातून मंदिराचा दिवा तेवत राहावा, इतका साधा त्यामागचा हिशेब. आज तो बाजार उरलेला नाही. याच गावी मिळालेल्या, आठव्या शतकाच्या आरंभीच्या भोगशक्तीच्या ताम्रपटात तर व्यापाऱ्यांना जकातमाफी दिलेली आहे आणि राजाच्या अधिकाऱ्यांना उतरवून घेण्याच्या सक्तीतूनही मोकळे केले आहे. अधिकाऱ्यांच्या पाहुणचाराचा खर्च त्याही काळी जड जात असावा!

दिवस आखताना सकाळी गजपंथ, नंतर पांडवलेणी आणि दुपार कलल्यावर अंजनेरी असा क्रम ठेवला तर सूर्यास्तापूर्वी भोजनासाठी शहरात परतता येते. दोन दिवस हाती असतील तर सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर जोडावे. मांगीतुंगीसाठी मात्र वेगळा दिवस राखावा, ते घाईत उरकण्याजोगे क्षेत्र नाही. ज्यांनी चातुर्मासात प्रवास न करण्याचा नियम घेतला आहे त्यांनी कार्तिकी पौर्णिमेनंतर निघावे. तेव्हा अंजनेरीचे गवत पिवळे पडलेले असते आणि त्यात दडलेले कोरीव दगड अधिक स्पष्ट दिसतात.