पाण्यात उडी आणि फाशांचा निकाल

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये एखादे पात्र उंचावरून पाण्यात पडले, की खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराला चार गोष्टी ठरवाव्या लागतात : पात्र किती उंचीवरून आले, खाली पाणी किती खोल आहे, अंग कोणत्या ठेवणीत पाण्याला लागले आणि पाण्यातून वर येण्याची वाट कोणती. खेळाडूने आपले पात्र काय करते ते सांगायचे, सूत्रधाराने समोरची परिस्थिती सांगायची आणि जिथे निकालाची शंका आहे तिथे फासे टाकायचे, एवढीच या खेळाची रीत. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने ती रूढ केली. नियमपुस्तकांत या चारांपैकी उंचीचा हिशेब बहुतेकदा सापडतो. उरलेल्या तिन्हींकडे कधी लक्ष दिलेले असते, कधी नसते. जळगाव-धुळ्याकडच्या शेतातील विहीर या कामी उत्तम नमुना आहे, कारण तिच्यात या चारही गोष्टी एकाच ठिकाणी, मोजता येतील अशा दिसतात.

आधी प्रचलित नियम पाहू. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ मधील पाचव्या आवृत्तीत दर १० फूट पडण्यामागे सहा बाजूंचा एक फासा टाकून तेवढी इजा धरतात, जास्तीत जास्त २० फासे. २०२० च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुरवणीत पाण्याची सोय झाली : पडणाऱ्या पात्राने १५ च्या अवघडपणाची कसोटी जिंकून (म्हणजे फासा टाकून १५ किंवा अधिक गाठून) डोके किंवा पाय पुढे ठेवले, तर इजा निम्मी. त्याआधीची २००३ ची साडेतिसरी आवृत्ती अधिक बारकाईची होती. पाणी किमान १० फूट खोल असेल तर पहिल्या २० फुटांना इजा नाही, पुढच्या २० फुटांना हलका मार आणि त्यापुढे नेहमीची इजा. जाणूनबुजून मारलेल्या सुराला कसोटी जिंकल्यावर इजाच नाही, मात्र दर ३० फुटांच्या उडीला १० फूट खोली हवी. ‘पाथफाइंडर’ या अशाच खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत पडण्याच्या उंचीच्या निम्मी इजा होते, पाण्यात पडल्यास उंची २० फुटांनी आणि ठरवून उडी घेतल्यास ३० फुटांनी कमी धरतात, पण ही सूट पाण्याच्या खोलीपेक्षा जास्त मिळत नाही.

आता विहीर. साक्री, धुळे, पारोळा, चाळीसगाव या भागांत वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. वरचा भाग दगडी बांधकामाचा, खालचा कातळ नुसता फोडलेला. त्यामुळे खाली भिंत सरळ नसते, कपारी आणि सुळके बाहेर आलेले असतात. मोटेच्या काळातील विहिरीला काठावरून आत डोकावणारे दगड असतात. मोट गेली तरी दगड राहिले, आणि पोरे उडी मारायला तिथेच उभी राहतात. एका बाजूने मोटारीचा पाइप खाली उतरलेला, त्याच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह. पायऱ्या असल्या तर अरुंद, आणि पुष्कळदा पाण्यापर्यंत न पोचणाऱ्या. नवशिक्याच्या कमरेला दोर बांधतात किंवा पाठीला वाळका भोपळा नाहीतर हवाबंद पत्र्याचा डबा. दोराचे दुसरे टोक काठावरच्या थोराच्या हातात असते.

अशी एक विहीर उदाहरणासाठी घेऊ : तळ काठापासून ४० फूट, तोंडाचा व्यास १८ फूट. पावसाळा सरताना पाणी काठाखाली १२ फुटांवर आहे, म्हणजे पाण्याची खोली २८ फूट. मे महिन्यात तेच पाणी ३५ फुटांवर उतरले, खोली उरली ५ फूट. सप्टेंबरात १२ फुटांची उडी सुमारे ०.८६ सेकंदात संपते आणि अंग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने पाण्याला लागते. मेमध्ये ३५ फुटांना जवळजवळ दीड सेकंद लागतो आणि वेग ताशी ५२ किलोमीटर होतो. ऑलिंपिकमधील सर्वांत उंच फळी १० मीटरची, म्हणजे सुमारे ३३ फुटांची असते आणि तिच्याखाली साधारण ५ मीटर पाणी ठेवतात. मेमधील विहिरीची उंची त्याहून थोडी जास्त, आणि पाणी दीड मीटर.

या एकाच विहिरीवर तिन्ही नियम लावले की त्यांचा स्वभाव कळतो. सप्टेंबरात पाचव्या आवृत्तीप्रमाणे एक फासा, कसोटी जिंकल्यास निम्मा. साडेतिसऱ्यात आणि पाथफाइंडरमध्ये काहीच इजा नाही. विहिरीवर दिसते तेही तसेच : पोरे त्या उंचीवरून दिवसभर उड्या मारतात. मेमध्ये पाचव्या आवृत्तीचे तीन फासे येतात, पण कसोटी जिंकली की तेही निम्मे होतात, कारण पुरवणीतील तो नियम खोली विचारतच नाही. साडेतिसऱ्यात पाणी १० फुटांपेक्षा उथळ असल्याने सवलत रद्द होते आणि तिन्ही फासे पूर्ण लागतात. पाथफाइंडरमध्ये सूट फक्त ५ फुटांची, उरलेल्या ३० फुटांची १५ इजा. खोली मोजणारे नियम वस्तुस्थितीच्या जवळ राहतात. उथळ पाण्यात मारलेल्या सुराने मानेचा मणका मोडू शकतो आणि हातापायांची शक्ती कायमची जाऊ शकते. पोहता येणे तिथे कामाला येत नाही. म्हणूनच जाणती माणसे अनोळखी विहिरीत कुणाला सूर मारू देत नाहीत.

खोली आणि उंची या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि खेळाडूला त्या निरनिराळ्या शोधाव्या लागतात. काठावरून सोडलेला खडा एका सेकंदात पाण्याला लागला तर पाणी सुमारे १६ फुटांवर, दीड सेकंद लागला तर ३५ फुटांच्या आसपास आणि दोन सेकंद लागले तर ६० फुटांवर. एवढ्याने पडण्याची उंची कळते, पाण्याची खोली नाही. त्यासाठी दोराला दगड बांधून तळ लागेपर्यंत सोडायचा, दोर ओढून घ्यायचा आणि भिजलेला भाग मोजायचा. हिशेबाने खोली काढण्याची परंपराही या मुलखाच्या जवळची आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त पाण्यावर अर्धा हात आलेले कमळ वाऱ्याने वाकून दोन हातांवर बुडते, त्यावरून खोली काढायची आहे, उत्तर पावणेचार हात. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शिलालेखात, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. खेळातील पात्राला दोर टाकण्याची, काठावरची ओल पाहण्याची, गावकऱ्याला विचारण्याची संधी द्यावी. आधी चौकशी करणाऱ्या पात्राला खोलीचा आकडा खरा सांगावा आणि न विचारता उडी घेणाऱ्याला तो पाण्यात गेल्यावर कळू द्यावा.

तिसरी गोष्ट अंगाची ठेवण. सूर मारणारा काठाच्या दगडाच्या कडेवर पायाची बोटे रोवतो, दोन्ही हात डोक्यावर ताणून पंजे एकावर एक धरतो आणि कान दंडांत दाबून घेतो. पाण्याला आधी पंजे लागतात आणि त्यांनी केलेल्या वाटेने डोके, खांदे, कंबर आत जातात. पाण्याचा उसळा थोडा आणि अंग खोल. उभ्या उडीत पाय जुळलेले, हात अंगाला चिकटलेले; अंग याही वेळी खोल जाते, पण तळाशी गाठ पडलीच तर ती पायांची पडते. मुटक्यात गुडघे छातीशी घेऊन हातांनी कवळतात. पाणी उंच उडते, मांड्यांना आणि पाठीला चटका बसतो, पण अंग लवकर थांबते. पोटावर किंवा पाठीवर सपाट पडले तर साऱ्या अंगाला एकदम मार लागतो, कातडी लाल होते आणि श्वास कोंडतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्याने हा फरक उंचीबरोबर झपाट्याने वाढतो. आंतरराष्ट्रीय हाय डायव्हिंग स्पर्धेत पुरुष २७ मीटरवरून आणि स्त्रिया २० मीटरवरून उडी घेतात. पुरुषांच्या उडीत ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जाणारा तो वेग डोक्यावर झेलता येत नाही, म्हणून तिथे पाय आधी पाण्यात जातात आणि मदतीला पाणबुडे खाली थांबलेले असतात. खेळाच्या नियमात या ठेवणींना वेगळी किंमत हवी, म्हणजे खेळाडूच्या निवडीला अर्थ येतो : सुराला इजा कमी पण खोली जास्त लागते, मुटक्याला इजा थोडी जास्त पण खोली कमी पुरते.

आडवे अंतर नियमपुस्तकांत सहसा नसते, विहिरीत मात्र ते जीवघेणे ठरते. काठाला धरून सरळ खाली गेले तर कपारीचा सुळका लागतो. म्हणून पुढे झेपावे लागते. पण झेप किती, हे पाण्याची पातळी ठरवते. सेकंदाला ४ मीटर वेगाने धावत येऊन उडी घेतली, तर सप्टेंबरात उडी मारणारा काठापासून ११ फुटांवर, विहिरीच्या मध्याच्या थोडे पलीकडे पडतो. तोच धावता सूर मेमध्ये १९ फूट पुढे नेतो, आणि विहीर १८ फुटांचीच आहे. तो समोरच्या भिंतीवर आदळतो. खोल, अरुंद जागेत धावत उडी घेणाऱ्या पात्राला म्हणून एक जादा कसोटी द्यावी. भिंतीला लागल्यास पाण्याची सवलत जाते.

नदी आणि धबधब्याचे पाणी यापुढे आणखी अटी घालते. तापीच्या पुरात पाणी गढूळ असते, तळ दिसत नाही, ओंडके वाहत येतात आणि पडलेले पात्र वर येते ते पडल्या जागी नव्हे. सुळवाडे बॅरेजसारख्या अडवलेल्या ठिकाणी पाणी वरून संथ, पण दारे उघडली की ओढ बदलते. पाटणादेवीजवळच्या केदारकुंडासारख्या जागी धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते अंगाला कमी तोलते, आणि तळाशी वरून कोसळलेले दगड असू शकतात. सूत्रधाराने अशा वेळी इजेचे फासे वाढवू नयेत. वर येण्याची कसोटी अवघड करावी आणि पात्र खेळातील प्रत्येक फेरीत, म्हणजे सर्वांची एकेक पाळी होईपर्यंत, किती वाहून जाते ते सांगावे.

चौथी गोष्ट बाहेर येण्याची. सपाट पडून श्वास गेलेले पात्र पाण्याखाली असते, आणि दम धरण्याचे नेहमीचे गणित त्याला लागू पडत नाही. पाचव्या आवृत्तीत सुदृढ पात्र मिनिटभर वा अधिक दम धरते, पण ते आधी भरलेल्या श्वासावर. श्वास कोंडलेल्या पात्राला एक फेरी गमवायला लावणे पुरेसे आणि न्याय्य आहे. चिलखत, भिजलेले धोतर वा साडी, खांद्यावरची पिशवी यांचे ओझे इथेच मोजावे. मग भिंत. शेवाळलेल्या दगडावर हात ठरत नाही. पाइप, लोखंडी कड्या, वरून आलेला दोर, जे असेल ते आधी सांगितलेले असावे. विहिरीत पडलेला बिबट्या पुष्कळदा पडण्याने फारसा जखमी होत नाही. त्याला चढता येत नाही, तो पाइपाला किंवा कपारीला धरून पोहत राहतो, आणि दोरांनी बाज किंवा पिंजरा खाली सोडून त्याला वर घ्यावे लागते. पडीक विहिरीत किंवा डिझेल इंजिन चाललेल्या विहिरीत तळाशी विषारी हवा साचते. तिथे सोडवायला उतरणाराही गुदमरतो. खेळात एकामागोमाग उड्या घेणाऱ्या पात्रांना हा धोका आधी सूचित करावा.

या सगळ्यातून टेबलावर चालेल असा एक नियम बांधता येतो. पडण्याच्या उंचीतून ठेवणीप्रमाणे फूट वजा करावे : सपाट पडल्यास १०, मुटका किंवा उभ्या उडीस २०, कसोटी जिंकलेल्या सुरास ३०. वजाबाकी पाण्याच्या खोलीपेक्षा जास्त होऊ देऊ नये. उरलेल्या दर पूर्ण १० फुटांना सहा बाजूंचा एक फासा. सुराला उंचीच्या एक तृतीयांश आणि कमीत कमी १० फूट खोली हवी. ती नसेल तर वजाबाकी नाही. ६० फुटांच्या वर सवलत फक्त उभ्या उडीला. सपाट पडणाऱ्याची एक फेरी वाया. नमुन्याच्या विहिरीत सप्टेंबरातील सुराला आणि मुटक्याला इजा शून्य, पोटावर पडणाऱ्यालाही फासा नाही, फक्त श्वास जातो. मेमध्ये तीन फासे सगळ्यांनाच लागतात, ठेवण कोणतीही असो.

ढकललेल्या पात्राला आणि स्वतः उडी घेणाऱ्याला एकच कसोटी देऊ नये. ढकललेल्याला ठेवण निवडायला वेळ नसतो. १२ फुटांना एक सेकंदही मिळत नाही. त्याने कसोटी जिंकली तर उभी उडी धरावी, हरली तर सपाट. खेळ सुरू होण्यापूर्वी सूत्रधाराने प्रत्येक विहीर, डोह आणि पुलासाठी ऋतू, पाण्याची पातळी, खोली आणि चढण्याची सोय टिपून ठेवावी, आणि नियम खेळाडूंना पहिल्या उडीपूर्वीच सांगावा. आकडे आधी ठरलेले असले की पात्र वाचले वा मेले तरी तो निकाल खेळाडूंना पटतो, कारण तो त्यांच्या निवडीचा आणि त्या पाण्याचा असतो.