मराठी अद्भुतरम्य कादंबरी

अद्भुतरम्य कादंबरी हा मराठी कादंबरीचा आरंभीचा एक प्रमुख प्रवाह होय. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या त्यातील ठळक कृती. कारस्थाने, ताटातूट व योगायोगाने होणारे पुनर्मीलन हा त्यांचा साचा. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२च्या निबंधात अशा कादंबऱ्यांवर टीका केली. ह. ना. आपटे यांच्या 'मधली स्थिती'पासून (१८८५) वास्तवाला प्रतिष्ठा मिळाली. तरीही नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने वाचकांची अद्भुताची ओढ भागवली. पुढे नारायण धारप (१९२५–२००८) यांनी अद्भुताला भयकथेकडे वळवले; वाचनालयांत त्यांची पुस्तके हातोहात जात, समीक्षेने मात्र त्यांची दखल अपुरीच घेतली. आता हॅरी पॉटर, टोल्किन मराठीत वाचता येतात. स्वतःचे संपूर्ण कल्पित जग उभारणारी मराठी कादंबरी मात्र अद्याप विरळाच आढळते.