बेटावरचं छोटं रिसॉर्ट, तिथली शांतता आणि विहिरीचं पाणी

ज्यांचं नेट मधेच गेलं, किंवा जे इअरफोन घरी विसरून एसटीत बसले, त्यांच्यासाठी हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जिथं अडखळलो तेवढं नीट केलंय. बाकी भाषा आपली तीच, बदनापूरची.

विषय एका मेसेजवरून निघाला. एका ऐकणाऱ्या मित्राने विचारलं होतं, "लग्न झालंय, मालदीवचं बजेट नाही. समुद्राला लागून, शांत, चार-आठ खोल्यांचं काही भारतात आहे का? आणि रीलमध्ये दिसतं तसंच असतं का?"

आहे. अंदमानातलं शहीद द्वीप. पूर्वीचं नील बेट. यंदा फेब्रुवारीत मी आणि बायको तिथं 3 रात्री राहून आलो. पण हा एपिसोड 'काय काय पाहिलं' याचा नाही. अशी जागा आतून चालते कशी, आणि ती शांत का राहते, ते मला सांगायचंय. कारण तिथं जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची निघाली, ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या माणसाला दोन मिनिटांत कळते. पाणी! समुद्राचं नाही, गोडं.

आधी नावाचं सांगतो, गोंधळ होतो. नील आणि हॅवलॉक ही दोन्ही नावं 1857 चा उठाव चिरडणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांची. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला तो 30 डिसेंबर 1943 ला. त्याला 75 वर्षं झाली तेव्हा, 30 डिसेंबर 2018 ला, नीलचं शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं. पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजयपुरम आहे. बुकिंगच्या अ‍ॅपवर मात्र जुनी-नवी सगळी नावं सापडतात, त्यामुळे दोन्ही लक्षात ठेवा.

जायचं कसं? बदनापूरहून संभाजीनगर, तिथून मुंबई, मग विमानाने श्री विजयपुरम. बरीचशी विमानं चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूमार्गे जातात. तिथून पुढे जहाज. अंतर जेमतेम 36 किलोमीटर, खासगी जहाजाला दीड-दोन तास लागतात. सरकारी बोट स्वस्त, पण तिकिटाला धावपळ. आपल्याकडचे बहुतेक ग्रुप सेल्युलर जेल बघतात, सावरकरांच्या कोठडीसमोर हात जोडतात, मग एक रात्र स्वराज द्वीप, आणि शहीद द्वीप फक्त जाता-येता. सकाळच्या जहाजाने उतरायचं, भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाची होडी, नारळपाणी, फोटो आणि दुपारच्या जहाजाने परत.

म्हणून सांगतो, शांतता पाहिजे तर मुक्काम करा. शेवटचं जहाज गेलं ना, की बेट एकदम बदलतं. जेट्टीवरचे रिक्षावाले घरी जातात. उरतात ते गावकरी आणि मोजके मुक्कामी.

बेट केवढं? साधारण 14 चौरस किलोमीटर. सायकल भाड्याने घेतली तर अर्ध्या दिवसात फिरून होतं. लोकवस्ती 2011 च्या जनगणनेत तीन हजारांच्या आसपास. गावांची नावं ऐकून तुम्हाला वाटेल, आपण रामायणात आलो. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. इथली बहुतेक घरं बंगाली. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांना 1960 च्या दशकात इथं वसवलं, जंगल तोडून शेती करायला लावली. आज श्री विजयपुरमच्या बाजारात इथली भाजी जाते. रस्त्याच्या एका बाजूला सुपारी, दुसऱ्या बाजूला वांगी-भेंडी, आणि मधून समुद्र दिसतो. असा देखावा आपण बघितलेला नसतो.

आमचं रिसॉर्ट म्हणजे 8 झोपड्या. लाकूड-बांबूच्या, पत्र्याचं छप्पर. समोर पंचवीस-तीस पावलांवर वाळू. पोहायचा तलाव नाही, टीव्ही नाही. मालक साठीचे बंगाली गृहस्थ, सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून आम्हीपण दादा.

पहिल्याच संध्याकाळी बायको बाथरूममधून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, साबणाला फेसच येईना. आपल्या बोअरसारखं जड आहे का पाणी?" मी चूळ भरून बघितली. जड नव्हतं, मचूळ होतं. किंचित खारट. दादांना विचारलं, तर ते आम्हाला मागच्या सुपारीच्या बागेत विहिरीवर घेऊन गेले. कडं बांधलेली साधी विहीर, आपल्या विहिरीच्या मानाने अगदी उथळ. पाणी हाताला लागेल इतकं वर!

आता इथं थांबा, कारण खरी गंमत इथं आहे. आपल्याकडे काळा पाषाण. विहीर 60 फूट, बोअर 500 फूट, आणि तरी एप्रिलमध्ये नुसती हवा येते. तिथं चार हात खणलं की पाणी. वर्षाला पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या आसपास, आपल्या चौपट. मग त्यांना पाण्याची काय चिंता?

चिंता अशी, की लहान बेटावर गोडं पाणी समुद्राच्या पाण्यावर तरंगत असतं. खोटं वाटेल, पण ताक ठेवून दिल्यावर वर निवळी येते, तसंच समजा. पावसाचं पाणी वाळूतून, चुनखडीतून खाली मुरतं. खाली चारही बाजूंनी समुद्राचं खारं पाणी आत शिरलेलं असतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. लिटरमागे साधारण 25 ग्रॅमचा फरक. त्यामुळे गोडं पाणी वर राहतं, मधे जाड आणि कडेला पातळ, भिंगासारखं. नियम असा आहे, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा 1 मीटर वर असेल, तर खाली साधारण 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असतं.

ऐकायला भारी वाटतं, पण हिशोब उलटा लावून बघा. मोटार लावून तुम्ही विहिरीची पातळी एक वीत खाली आणली, तर खालचं खारं पाणी कितीतरी वीत वर यायला बघतं. आणि किनाऱ्याजवळ हा थर मुळातच पातळ. म्हणजे रिसॉर्ट जितकं समुद्राच्या जवळ, 'सी व्ह्यू' जितका झकास, तितकी त्याची विहीर नाजूक.

दादा मोटार सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ चालवतात. एका दमात टाकी भरत नाहीत. छपरांचं पावसाचं पाणी पन्हळीने वेगळ्या टाकीत जातं, ते स्वयंपाकाला. प्यायला विकतचं. जानेवारी ते एप्रिल कोरडे महिने, आणि नेमका तोच पर्यटनाचा हंगाम. पाहुणे सगळ्यात जास्त तेव्हाच, पाणी सगळ्यात कमी तेव्हाच. आपल्याकडे लग्नसराई आणि टँकर एकाच महिन्यात येतात, तसं.

मी म्हटलं, "दादा, आणखी चार खोल्या बांधा की, गर्दी तर आहे." ते हसले. म्हणाले, "खोली बांधायला पैसा लागतो, तो मिळेल. पाणी कुठून आणू? आणि शेजारी माझ्या भावाची वांगी आहेत, त्याच पाण्यावर."

मला 2012-13 आठवलं. त्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी टँकरने पाणी आणून झाडं जगवायचा प्रयत्न केला. आपली विहीर आटते. त्यांची आटत नाही, खारट होते. आटलेली विहीर एका चांगल्या पावसाळ्यात भरते. जमिनीतलं पाणी एकदा खारट झालं, तर परत गोड व्हायला बराच काळ जातो. 2004 च्या त्सुनामीत अंदमान-निकोबारमध्ये समुद्र शेतात शिरला, तेव्हा तिथल्या लोकांनी हे भोगलंय.

आता मला सांगा, 8 खोल्यांच्या जागेवर पोहायचा तलाव, बाथटब आणि 40 खोल्या आल्या तर? शांतता तर जाईलच, पण भाजीवाल्याची विहीर आधी जाईल. म्हणून माझं स्पष्ट मत आहे. अशा बेटावर राहायचं तर छोट्या जागीच राहा, आणि बुक करताना फोनवर दोन प्रश्न विचारा. पाणी कुठून येतं? आणि सांडपाणी, संडासचं पाणी कुठं जातं? ज्याला या दोन्हींची उत्तरं पटकन देता येतात, तो माणूस जागा नीट चालवतो असं धरून चला. 'सी व्ह्यू आहे का' हे विचारायची गरजच पडत नाही, तो फोटो ते स्वतःहून पाठवतात.

आणि हो, बादली-तांब्याने अंघोळ करा. बदनापूरच्या माणसाला हे शिकवायला लागू नये.

पाण्याचं झालं. आता रीलबद्दल. रीलमधला निळाशार भरतपूर बीच हा भरतीचा असतो. ओहोटीला तिथं पाणी दूर मागे जातं, आणि समोर दगडगोटे, मेलेलं प्रवाळ आणि डबकी. कितीतरी लोक तेव्हा पोचतात आणि 'फसवलं' म्हणतात. फसवलं नाही, वेळ चुकली. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, मधे साधारण सव्वासहा तास, आणि रोज वेळ सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, पण ते गणित अंदमानात जसंच्या तसं लागत नाही. रिसॉर्टवाल्याला विचारा, त्याला पाठ असतं. पोहायला भरती बघा. लक्ष्मणपूरची दगडी कमान बघायची असेल तर मात्र ओहोटीच पाहिजे, भरतीत तिथं जाताच येत नाही. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, तेव्हा दोन्हींचा फरक जास्त.

दुसरी गोष्ट घड्याळाची. तिथं आपलंच घड्याळ चालतं, पण बेट आपल्यापेक्षा 17 अंश पूर्वेला. एका अंशाला 4 मिनिटं धरा, सूर्य तासाभराहून जास्त आधी माथ्यावर येतो. फेब्रुवारीत पावणेसहाला लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. 'चार वाजता चहा घेऊन मग निघू' म्हटलं, की सूर्यास्त गेलाच म्हणून समजा. सात वाजता मिट्ट काळोख. लाटांचा आवाज आणि कुठंतरी जनरेटरची घरघर. बेटावर देशाच्या ग्रीडची तार येत नाही, वीज मुख्यतः डिझेलवर, आणि ते डिझेलही जहाजानेच येतं. एसी 18 वर लावायच्या आधी एवढं आठवा.

नेट? चेन्नईपासून समुद्राखालून केबल 2020 मध्ये अंदमानला पोचली, पण आम्हाला शहीद द्वीपावर नेट येत-जात होतं. रोख पैसे जवळ ठेवा. दोन-चार एपिसोड आधीच डाउनलोड करून घ्या, आपलेच घ्या असं काही नाही.

शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे खिशात घालू नका. प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या यादीत. विमानतळावर सामान तपासतात. 2010 मध्ये समुद्र तापून अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं. उरलंय त्यावर निदान पाय तरी देऊ नका.

परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच श्री विजयपुरमला येऊन राहा. समुद्र खवळला की जहाजं बंद, आणि मग कुणाच्या ओळखीचा उपयोग नाही.

ज्यांना हेही बजेटबाहेर वाटतंय, त्यांच्यासाठी मालवणजवळचं देवबाग. बेट नाही, पण एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. कोकण रेल्वेने कुडाळला उतरायचं, तिथून मालवण, तिथून देवबाग. घरगुती राहणं, माशाचं जेवण. वाळूच्या पट्टीवरची विहीर, त्यामुळे पाण्याचं गणित तेच. काकूंना विचारा, त्या तुम्हाला विहीर दाखवतील.

कुणी जाऊन आलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. विहिरीचा फोटो पाठवलात तर आणखी बरं.