कार्यशाळेतील यंत्रे (लेखांक ६) : लेझर कटर आणि त्याची फाइल

मागील लेखांकात लाकूड कोरणाऱ्या राउटरचा विचार झाला. लेझर कटरमध्ये पात्याची जागा किरण घेतो, आणि धोक्याचे स्वरूपही त्याबरोबर बदलते. लहान कार्यशाळांतील बहुतेक लेझर कटर कार्बन डायऑक्साइडच्या नळीवर चालतात. बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या सी. कुमार पटेल यांनी हा लेझर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध केला. त्याच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे अवरक्त असल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच झाकण उघडताच किरण तोडणारी सुरक्षा-कळ, जिला इंटरलॉक म्हणतात, चिकटपट्टी लावून दाबून ठेवण्याची सवय अक्षम्य आहे.

म्हैसूरची जंबू सवारी विजयादशमीला राजवाड्यापासून निघून बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, पूजेचे स्थान असलेल्या ज्या भागात संपते, त्या बन्नीमंटपाच्या नावाची पाटी तीन मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकमधून देवनागरीत कापायची आहे, असे समजू. कापण्यासाठी व्हेक्टर, म्हणजे बिंदू व वक्रांच्या गणिती वर्णनावर उभी असलेली आकृती लागते. ठिपक्यांनी बनलेले छायाचित्र केवळ पृष्ठभागावर कोरता येते. अक्षरे टाइप करून त्यांचे वक्रांत रूपांतर केले की देवनागरीची खास अडचण समोर येते, ती अशी की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या शिरोरेषेवर किंचित चढलेली असते, पडद्यावर ती सलग दिसते, पण यंत्र प्रत्येक सांध्यावर उभा छेद घेते आणि एका नावाऐवजी सुटी अक्षरे हाती येतात. कोरलड्रॉमधील ‘वेल्ड’ किंवा इंकस्केपमधील ‘युनियन’ ही आज्ञा देऊन सर्व बाह्यरेषा एक केल्यावाचून फाइल पुढे पाठवू नये. एवढे करूनही ‘मं’वरचा अनुस्वार सुटाच राहतो, त्याला शिरोरेषेशी जोडणारी बारीक पट्टी काढावी, नाहीतर तो मागून वेगळा चिकटवावा. याच नावाचा स्टेन्सिल करायचा असेल, तर ‘ब’ आणि ‘प’ यांच्या पोटातील भाग गळून पडतात, म्हणून तेथे पूल ठेवावे लागतात.

किरण ०.१ ते ०.२ मिलिमीटर रुंदीची फट जाळून नेतो. पाटीला त्याने फरक पडत नाही, खाचांत बसणाऱ्या पेटीला मात्र पडतो. डीएक्सएफ फाइल उघडताना एकक तपासावे, कारण मिलिमीटरचे इंच झाले तर आकृती २५.४ पट फुगते. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा सर्वांत वाईट, कारण त्याच जागी किरण दोनदा फिरतो आणि ॲक्रिलिक पेट घेऊ शकते. आग हाच या यंत्राचा खरा धोका असल्याने काम चालू असताना यंत्र सोडून जाऊ नये, हवेचा झोत बंद ठेवू नये, तळाशी साचलेले तुकडे रोज काढावेत आणि कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक हाताशी ठेवावा.

पाटीचा विषय निघाला की स्वस्त म्हणून सनबोर्ड पुढे केला जातो. बाजारातला सनबोर्ड बहुधा फुगवलेल्या पीव्हीसीचा असतो. फ्लेक्स आणि बरेचसे रेक्झिनही पीव्हीसीचेच. पीव्हीसीवर लेझर पडला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो दमट हवेत आम्ल बनून फुप्फुसांना आणि यंत्राच्या पट्ट्यांना सारखेच खातो. तुकडा नेमका कशाचा आहे, हे यंत्राला कळण्याचा मार्ग नाही. शंका आली तर तांब्याची तार तापवून नमुन्याला टेकवावी आणि, उघड्या हवेत, पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन असल्याचे धरून तो तुकडा बाजूला ठेवावा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेत अशा यंत्रांनाही हळदकुंकू वाहिले जाते. ते बाहेरच्या पत्र्यावर लावण्यास हरकत नाही, मात्र कापूर दूर पेटवावा आणि कुंकवाचा कण आरसे किंवा भिंगापर्यंत जाऊ देऊ नये, कारण तो तेथे उष्णता शोषून घेतो आणि भिंग तडकू शकते.