याले अजून पाय काहून नाही फुटले?

चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात कडेवर लेकरू घेतलेली बाई भेटली, की ओळखीपाळखीच्या बायका आधी लेकराची चौकशी करतात. "दात आले का?" झालं, की लगेच "पाय टाकते का?" उत्तर 'नाही' आलं रे आलं की सल्ले सुरू. एक तेल सांगते, एक वॉकर घ्यायला लावते, एक म्हणते माझ्या भाच्याला तर दहाव्या महिन्यातच पाय फुटले होते. पिशवीत पालक-मेथी आणि डोक्यात काळजी घेऊन ती आई घरी जाते आणि सासूही तेच विचारते, "याले अजून पाय काहून नाही फुटले?"

बहुतेक वेळा या काळजीत काही तथ्य नसतं. आणि जिथे खरोखर काळजी करायला हवी, तिथे याच घरातून ऐकू येतं, "होईल आपोआप." लहान मुलांच्या वाढीबद्दलचे आपले बरेचसे गैरसमज या उलट्या हिशेबातून आलेले आहेत.

"वर्षाच्या आत चाललंच पाहिजे"

जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली निरोगी मुलं कधी बसतात, रांगतात, चालतात याची बारकाईने नोंद केली आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणं : ३.८ ते ९.२ महिने. आधाराशिवाय उभं राहणं : ६.९ ते १६.९ महिने. एकट्याने चालणं : ८.२ ते १७.६ महिने. शंभरातली अठ्ठ्याण्णव निरोगी मुलं या मर्यादांच्या आत बसतात. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारं पोट्टं आणि सतराव्या महिन्यात चालणारं पोट्टं, दोघंही ठणठणीत असू शकतात. लवकर चाललेलं मूल पुढे जास्त हुशार निघतं, हा निव्वळ आजोळचा अभिमान.

याच अभ्यासात शंभरातली चारेक मुलं हातापायांवर रांगलीच नाहीत. काही बुडावर सरकतात, काही पोटावर फरपटत जातात, काही एकदम धरून उभी राहतात. तेव्हा 'रांगलं नाही' एवढ्यावरून घाबरू नये. 'मुली लवकर चालतात, मुलगे आळशी' या म्हणण्यालाही या आकड्यांत आधार नाही. दोघांतला फरक दखल घेण्याजोगा नव्हता.

एक गोष्ट मात्र घरोघरी विसरली जाते. बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल, तर त्याचं वय मोजताना ते दोन महिने वजा करायचे. कॅलेंडरप्रमाणे वर्षाचं झालेलं असं बाळ वाढीच्या हिशेबाने दहा महिन्यांचंच असतं. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत हाच हिशेब धरावा.

"वॉकरमध्ये बसवलं की पाय लवकर सुटतात"

आपला जुना लाकडी पांगुळगाडा आणि दुकानात मिळणारा गोल वॉकर, दोघांना एकाच मापाने मोजू नये. सुताराने केलेल्या तीनचाकी पांगुळगाड्याच्या दांड्याला धरून मूल स्वतःच्या पायावर उभं राहतं, सगळं वजन तळव्यांवर घेतं आणि पुढे ढकलतं. म्हणजे ज्याला धरून उभं राहता येतं, त्याच्यासाठीच तो आहे. उतारावर गाडा पुढे पळतो आणि मूल तोंडावर पडतं, हा त्याचा दोष. एवढं सांभाळलं तर खेळ म्हणून तो वाईट नाही.

वॉकरचं तसं नाही. त्यात मूल झोळीत लटकलेलं असतं. पाय टेकतात ते चवड्यांवर. भोवतीच्या थाळीमुळे स्वतःचे पायच दिसत नाहीत. खाली बसणं, वाकणं, उठणं, तोल गेला की सावरणं, चालायला जे जे लागतं त्यातलं काहीच त्याला करावं लागत नाही. वॉकरमध्ये वाढलेली मुलं उलट उशिरा बसतात, रांगतात आणि चालतात, असं अभ्यासात दिसलं आहे. शिवाय चाकांवरचं मूल क्षणात पायरीपर्यंत, चुलीपर्यंत, पाण्याच्या बादलीपर्यंत पोचतं. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आपल्याकडे तो अजून बारशाच्या आहेरात येतो. आला तर तो माळ्यावर टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

'मग पडेल ना' असं कुणी म्हणेल. पडेलच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात एक ते दीड वर्षाच्या मुलांची पावलं मोजली. मोकळं खेळताना मूल तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होतं आणि १७ वेळा पडत होतं. चालणं शिकायची रीतच ती आहे. सारवलेली किंवा सतरंजी टाकलेली जमीन, कोपरे नसलेली जागा आणि धरून उभं राहायला एखादी दिवाण-पेटी, एवढं दिलं की बाकीचं ते स्वतः करतं.

"मालिशने हाडं पक्की होतात"

बाळंतिणीकडे येणारी मालिशवाली बाई पाय पसरून पाटावर बसते, बाळाला पायांवर घेते आणि कोमट तेल चोळते. बाळ तिथेच पेंगायला लागतं. हे सुख खरं आहे. हलक्या हाताच्या स्पर्शाने बाळ शांत होतं, झोप चांगली लागते. पण तेलाने हाडं पक्की होत नाहीत की डोक्याचा आकार 'बसवता' येत नाही. हाडांना कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व लागतं. आईच्या दुधात 'ड' फार कमी असतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट थेंबांतून द्यायला सांगतात. ते थेंब अर्धवट सोडायचे आणि मालिश एक दिवसही चुकवायची नाही, असं बऱ्याच घरांत चालतं. व्हायला हवं ते उलट.

मालिशीतल्या काही गोष्टी मात्र थेट घातक आहेत. नाकात तेल सोडलं तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. पाय धरून उलटं लोंबकळवणं, सांधे 'मोकळे' करण्यासाठी ओढणं, हे तर करूच नये. आंघोळीनंतर दोन्ही पाय सरळ जुळवून घट्ट गुंडाळायची पद्धत खुब्यासाठी वाईट. तान्ह्याचा खुबा अजून कच्चा असतो. पाय सरळ आवळले तर तो निसटण्याचा धोका वाढतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास अशा बांधण्याविरुद्ध मोहीम निघाली आणि खुबे निखळलेल्या मुलांचं प्रमाण खूपच घटलं. गुंडाळायचंच तर छाती-हात गुंडाळावेत, पाय बेडकासारखे वाकवता येतील इतके सैल ठेवावेत. आपल्या बायका मूल कडेवर घेतात, त्यात पाय फाकलेले आणि गुडघे वाकलेले राहतात. खुब्याला तेच मानवतं. ही जुनी सवय अगदी बरोबर आहे, ती सोडू नये.

"पाय वाकडे झाले, लवकर उभं केलं म्हणून"

नाही. जन्मतः सगळ्यांचेच पाय थोडे धनुष्याकृती असतात. दोन वर्षांच्या आसपास ते सरळ होतात, तीन-चार वर्षांचं असताना उलट गुडघे एकमेकांना लागतात आणि सातव्या वर्षापर्यंत बहुतेकांचे नीट होतात. लंगोटाने पाय वाकडे होत नाहीत. लहानपणी तळवा सपाट दिसतो, कमान सहा वर्षांपर्यंत तयार होत राहते. त्यासाठी खास बूट नकोत. घरात अनवाणी फिरू द्यावं. चुंईचुंई वाजणारे बूट मोठ्यांच्या हौसेचे. एकच पाय वाकडा असेल, दोन वर्षांनंतर वाक वाढत असेल किंवा मनगटं रुंद, सुजल्यासारखी दिसत असतील, तर मात्र मुडदूस किंवा दुसरा काही आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवावं.

"कुपोषण मेळघाटात, आमच्या इकडे नाही"

हा आपल्या तालुक्याचा खास गैरसमज. चिखलदऱ्याचा डोंगर इथून दिसतो आणि कुपोषण त्या डोंगरापलीकडेच थांबतं असं आपण धरून चालतो. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या नव्वदच्या दशकापासून इतक्या वेळा छापून आल्या, की कुपोषण हे त्याच भागाचं नाव झालं. शिवाय १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रातली सुरुवात मुंबईतल्या धारावीत आणि आपल्याच जिल्ह्यातल्या, मेळघाटातल्या धारणीत झाली. पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा : महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली. राज्यातलं दर तिसरं मूल खुजं असेल, तर ते सगळं एकट्या मेळघाटात मावणार कसं? ते कपाशीच्या आणि संत्र्याच्या गावांतही आहे. फक्त ते लक्षात येत नाही, कारण आपण पाहतो ते गाल. गुटगुटीत म्हणजे निरोगी, असं आपलं माप. गाल भरलेले असूनही उंची मागे पडू शकते.

म्हणून अंगणवाडीत उंची मोजतात तेव्हा कंटाळू नये. दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर निजवून मोजतात. एकजण डोकं वरच्या पट्टीला टेकवून धरते, दुसरी गुडघे हलकेच दाबून तळव्यांशी सरकती पट्टी आणते. लेकरू रडून गाव गोळा करतं, आई म्हणते, "राहू द्या ना ताई." पण गुडघा वाकडा राहिला तर दोन सेंटिमीटर इकडचे तिकडे होतात आणि महिनाभराची वाढ चुकीची नोंदली जाते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दंडाची पट्टीही आहे. डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळतात, घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर तीव्र कुपोषण. त्या मुलाला त्याच दिवशी पुढे पाठवायचं.

'आईबापच बुटके, मग लेकरू कुठून उंच होणार?' हे उत्तर पाच वर्षांच्या आत बरंचसं चुकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांची मुलं होती. चांगलं खाणं, स्तनपान आणि स्वच्छता मिळाल्यावर ती पाच वर्षांपर्यंत ओस्लोच्या मुलांसारखीच वाढली. अनुवंशाची वाटणी पुढे होते. पहिल्या वर्षांत हिशेब असतो तो ताटाचा आणि वारंवार होणाऱ्या हगवणीचा.

ताटाबद्दल एवढंच : सहा महिन्यांनंतर वरणाचं पाणी म्हणजे जेवण नव्हे. पोट भरतं, ताकद येत नाही. वाटीत धरून कलती केली तरी लगेच ओघळणार नाही असं घट्ट वरण, त्यात ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा, वर चमचाभर तेल किंवा तूप. घरात चालत असेल तर अंडं. चहात बुडवलेलं बिस्कीट यात मोजू नये.

"इतक्या लहानाला कसला व्यायाम?"

अमरावतीत व्यायामाचं नाव काढलं की हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आठवतं. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. त्यामुळे व्यायाम म्हणजे जोर, बैठका, मल्लखांब, असंच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं आणि तीन वर्षांच्या मुलाचा त्याच्याशी संबंध दिसत नाही. पण तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी, त्यातला एक तास दम लागेल अशी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं. तान्ह्याने जागेपणी थोडं थोडं करून दिवसाकाठी अर्धा तास तरी पालथं असावं. 'पालथं घातलं की पोट दबतं' म्हणतात, पण मान आणि खांदे त्यानेच बळकट होतात. झोपवायचं मात्र पाठीवरच.

यासाठी वर्ग लावायचा नाही की उठाबशा काढायच्या नाहीत. लंगडी, शिवाशिवी, पायरी चढ-उतर, चेंडू फेकणं, बादलीतलं पाणी तांब्याने काढून झाडाला घालणं, हे सगळं त्यात मोजलं जातं. बारला लोंबकळून उंची वाढत नाही आणि खेळकुदीने ती खुंटतही नाही. मोबाइलपुढे बसून जेवणारं मूल खातं कदाचित, पण तासभर हलत नाही. सलग तासाहून जास्त मुलाला एका जागी अडकवून ठेवू नये, असंही त्याच सूचनांत आहे. दोन वर्षांखाली पडदा नकोच.

तीन-चार वर्षांच्या याच वयात मुलांच्या हातात पेन्सिल देऊन 'अ' गिरवायला लावण्याची घाई इंग्रजी शाळांच्या नर्सरीत फार. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची असतात आणि पुढे एकेक करून कठीण होत जातात. तीन वर्षांच्या मुलाचा हात लिहिण्यासाठी तयारच नसतो. माती मळणं, शेंगा सोलणं, मणी ओवणं, यातून बोटं तयार होतात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला हेच करून दाखवलं. त्यांना महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पानं वापरली.

"होईल आपोआप"

सुरुवातीला म्हटलेली उलटी बाजू ती ही. पाच महिन्यांत मान धरत नाही. दहा महिन्यांचं झालं तरी बसत नाही. दीड वर्षाच्या आत एकच हात वापरतं (घरचे कौतुकाने 'डावखुरा' म्हणतात, पण दुसरी बाजू कमजोर असू शकते). अंग फार ताठ किंवा फार लुळं वाटतं. जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकत टेकत उभं राहतं. येत असलेली गोष्ट करायचं बंद करतं. यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नये. हालचालीचे उपचार जितक्या लवकर सुरू होतात, तितका फायदा जास्त.

खर्चाची सबबही नको. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची मोफत तपासणी करतं आणि गरज असेल त्याला वरच्या रुग्णालयात पाठवतं. पथक कधी येणार, ते अंगणवाडी ताईला विचारून ठेवा. आणि अठरा महिने पूर्ण होऊनही लेकरू एकटं चालत नसेल, तर पथकाचीही वाट न पाहता याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात दाखवून या.