कातरलेल्या लोकरीची ऊब

इंग्लंडचा राजा चौथा हेन्री याच्या एका पोशाखासाठी सुमारे 12,000 खारींची कातडी लागली होती. उत्तरेकडच्या बर्फाळ जंगलांतल्या खारींना हिवाळ्यात दाट, करडे केस येतात. ही कातडी रशियातल्या नोव्हगोरोदच्या बाजारातून पश्चिम युरोपात जात. पाठीचा करडा आणि पोटाचा पांढरा तुकडा आलटूनपालटून शिवायचा, की श्रीमंतांच्या झग्याला अस्तर झाले. जनावर मात्र त्यासाठी मारावेच लागे.

बुलढाण्यातल्या कडुनिंबावर पळणाऱ्या खारीला तसे दाट केस येतच नाहीत. तेवढी थंडीच इथे नाही. तरी घाटावरच्या बुलढाणा-चिखली भागात पौषातली रात्र अंगाला झोंबते. मेंढरांमागे उघड्या रानात मुक्काम करणाऱ्या धनगराला या थंडीत आधार असतो तो घोंगडीचा.

तिची लोकर दख्खनी मेंढीची: काळी, जाड, खरखरीत. मेंढी वर्षातून दोनदा कातरतात आणि ती पुन्हा चरायला जाते. लोकर निवडायची, पिंजायची. सूत काततात त्या बहुधा घरातल्या बायका. विणकाम पश्चिम महाराष्ट्रात सणगरांचे. वऱ्हाडाकडे धनगरांतल्या खुटेकरांचे. ताणा मजबूत व्हावा म्हणून चिंचोके शिजवून केलेली खळ त्याला कुंच्याने लावतात. हे काम फार नेटाचे. खळ नीट बसली नाही, तर मागावर धागे तुटत राहतात. अशी घोंगडी दमट झाली तरी ऊब देते. पांघरूण, बसकण, पावसातली खोळ, खंडोबाच्या पूजेतले आसन, सगळ्याला तीच.

आज या लोकरीला भाव नाही. कातरणीची मजुरीसुद्धा निघत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी लोकर फेकून देतात. मेंढी मटणासाठी पाळली जाते आणि बाजारात स्वस्त कृत्रिम धाग्याची ब्लँकेटे भरली आहेत. दरवर्षी पुन्हा वाढणारी वस्तू उकिरड्यावर जावी, हे मोठे नुकसान आहे. ते धनगराचे आहे तसेच विणकराचेही.

जत्रेत घोंगडी घेताना काठाचा एक धागा मागून घ्या आणि जाळून पाहा. केस जळाल्याचा वास आला आणि बोटांत चुरडली जाणारी राख उरली, तर ती लोकर. वितळून कडक गोळी झाली, तर ती घोंगडी नव्हे. लोकरीची असेल तर विणकर सांगेल ती किंमत द्या.